पाण्याखाली कॅमेरा नेताना

“वहिनी, तुमच्याकडे तो पाण्यातला कॅमेरा आहे ना? आम्ही कोणता घेऊ?”

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान दहाजणींनी तरी विचारला असेल. कुणाची लेक लग्नानंतर अंदमानला निघालेली असते, कुणी मुलांच्या सुट्टीत तारकर्लीला येणार असते. अलीकडे दोघीतिघी अशाही भेटल्या, की ज्यांनी स्वतः स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केलाय. एक कोल्हापूरची शिक्षिका, एक कणकवलीची नर्स. ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

या प्रश्नावर मी आधी उलटा प्रश्न विचारते. तुम्ही पाण्याखाली जाणार म्हणजे नेमकं काय करणार? कारण पर्यटक म्हणून पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उतरायचं असेल, तेव्हा प्रशिक्षकानं तुम्हाला पाठीमागून धरलेलं असतं. तुमचं काम फक्त श्वास घ्यायचं आणि डोळे उघडे ठेवायचं. तुमचे फोटो आणि व्हिडिओ बहुतेक ठिकाणी त्यांचाच माणूस काढून देतो. मग कॅमेरा घ्यायचाच कशाला? ते पैसे वाचवा आणि त्यात आणखी एकदा पाण्यात उतरा. पण रीतसर कोर्स करून, सर्टिफिकेट घेऊन तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर समुद्रात जायला लागला असाल, तर मात्र कॅमेऱ्याबद्दल बोलण्यासारखं खूप आहे.

माझं माहेर मिरजेकडचं. पोहायला शिकले ती शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळलेले भोपळे बांधून. सासर मालवणला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, समुद्र रोज दिसतो, पण त्यात उतरायचं असतं हे काही मनात आलं नव्हतं. बंदरावर सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटांचं काम मी करते. त्या बायकांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवायची. अख्खं घर समुद्रावर चालतं, नवरा समुद्रात, मुलगा समुद्रात. पण समुद्राचा तळ यांच्यापैकी एकीनंही बघितलेला नाही. मग गोष्टी कानावर यायच्या, की खाली खडकांवर तुटकी जाळी अडकून पडलीत, प्रवाळ गुदमरतंय. बायका ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. म्हटलं, हे कुणीतरी यांना दाखवायला हवं. शेहेचाळिसाव्या वर्षी तारकर्लीला कोर्सला नाव घातलं ते यासाठी. पंचेचाळीसच्या पुढच्यांना तब्येतीचे जादा प्रश्न असतात, डॉक्टरांचा दाखला लागू शकतो, तो आणला. पोहण्याची चाचणी दिली, दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवलं. घरात सासूबाई एवढंच म्हणाल्या, “जपून जा गो बाय.”

कॅमेऱ्याच्या वेळी मात्र चर्चा झाली. भिशीचे चाळीस हजार हातात होते. “एवढ्यात वळं नाही तर नाही, अंगठी तरी आली असती,” असं आमच्याकडून ऐकायला मिळालंच. ते काही खोटं नव्हे. म्हणूनच, घ्यायचा तर विचार करून घ्यायचा असं ठरवलं.

आणि विचार करताना पहिली गोष्ट कळली ती ही, की कॅमेरा लगेच घ्यायचाच नाही.

कोर्स चालू असताना शिकणाऱ्याला सहसा कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पाण्याखाली नवीन माणसाचं सगळं लक्ष दोन गोष्टींत गुंतलेलं असतं. एक म्हणजे एका पातळीवर स्थिर तरंगणं, वरही जायचं नाही आणि खालीही नाही. दुसरी म्हणजे टाकीतली हवा दाखवणाऱ्या मीटरवर नजर ठेवणं. हातात कॅमेरा आला की या दोन्ही गोष्टी विसरतात. फोटोच्या नादात माणूस नकळत खाली बसतो. खाली काय असतं? प्रवाळ! ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत प्राण्यांची वसाहत असते ती. एका पंख्याच्या फटक्यानं (पायात घालतो ते फिन्स, आम्ही पंखेच म्हणतो) मोडलेला तुकडा परत वाढायला वर्षं लागतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे वाघ मारण्याला जो कायदा लागतो, तोच प्रवाळ तोडण्याला! फोटोसाठी त्याला धरून उभं राहणारी माणसं मी बघितलीत, तेव्हा हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरं त्याहून गंभीर. जमिनीवर मोबाईलवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण क्षणभर श्वास रोखतो की नाही? सवयच असते ती. पाण्याखाली ही सवय जिवावर बेतू शकते. खोल पाण्यात दाबाखालची हवा आपल्या फुप्फुसात असते. दहा मीटरवर घेतलेली एक फुप्फुसभर हवा वर पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर जाते. श्वास रोखून माणूस थोडासा जरी वर तरंगला, तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला धडाच असतो, श्वास कधीही रोखायचा नाही. फोटोसाठी तर नाहीच नाही. मी प्रशिक्षकांच्या सल्ल्यानं कोर्सनंतर वीस वेळा नुसतीच पाण्यात उतरले. हात छातीशी बांधायचे, कशालाही न धरता एका शंखासमोर मिनिटभर थांबायचं, हा माझा सराव. तो जमायला लागला तेव्हा कॅमेऱ्याचं मनावर घेतलं.

आता दुकानातल्या त्या शब्दाकडे येऊ, ‘वॉटरप्रूफ’. या शब्दानं फार घोटाळा केलाय. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका थराएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, अठरा मीटरवर जवळजवळ पावणेतीनपट. सर्टिफिकेटचा पहिला टप्पा झालेल्या डायव्हरला अठरा मीटरपर्यंत जाता येतं. तेव्हा ‘वॉटरप्रूफ आहे का’ असं विचारायचंच नाही. ‘किती मीटरपर्यंत?’ असं विचारायचं, आणि उत्तर दुकानदाराच्या तोंडचं घ्यायचं नाही, माहितीपत्रकात छापलेलं बघायचं. मालवणच्या किनाऱ्याजवळची बरीच ठिकाणं दहा मीटरच्या आतबाहेरची आहेत. पण कॅमेरा काही मालवणपुरता घेत नाही ना आपण.

मोबाईलपासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांकडे असतो. नवे मोबाईल पाण्यात पडले तरी चालतात असं म्हणतात, ते खरंही आहे. पण ती चाचणी साध्या, स्थिर पाण्यात, ठराविक वेळ आणि ठराविक खोलीपुरती असते. खारं पाणी त्यात धरलेलं नसतं. शिवाय पाण्यानं बिघाड झाला तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या रांगोळीच्या डब्यासारख्या रस्तोरस्ती मिळतात. त्या होडीत बसून शिंतोडे चुकवायला ठीक. डाईव्हला नेल्या तर दाबानं पिशवी मोबाईलला चिकटून बसते, पडद्याला बोट लावलेलं कळत नाही, आणि गळाली की गेलं सगळं. एका सहकारी डायव्हरचा मोबाईल असाच गेला. त्यात नुकत्याच झालेल्या बारशाचे फोटो होते, तेही गेले. मोबाईलसाठी खास कडक पेटी मिळते, तिला हाउसिंग म्हणतात. सीलाइफ कंपनीची स्पोर्टडायव्हर ही पेटी ४० मीटरपर्यंत चालते, बटणं बाहेरून दाबायची असतात. चांगली वस्तू आहे. पण ज्या मोबाईलवर बँकेचे ओटीपी येतात, मुलांच्या शाळेचे मेसेज येतात, तोच मोबाईल समुद्रात न्यायचा, हे माझ्या मनाला काही पटेना.

मग येतो तो अॅक्शन कॅमेरा, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा. गो-प्रोचे हीरो ब्लॅक मालिकेतले अलीकडचे कॅमेरे तसेच नेले तर १० मीटरपर्यंत चालतात, त्यांच्या पेटीत घातले की ६० मीटरपर्यंत. डीजेआयचा २०२३ मधला ऑस्मो अॅक्शन ४ पेटीशिवायच १८ मीटरपर्यंत जातो. तरी माझं म्हणणं, पेटी घ्याच. मर्यादेच्या काठावर वस्तू वापरायची नसते. या कॅमेऱ्यांची नजर रुंद असते, व्हिडिओ छान येतो, शिकायला काही लागत नाही. दोष एवढाच, की फार जवळचं त्यांना स्पष्ट दिसत नाही. नखाएवढ्या जिवाचा फोटो काढायला गेलात तर पुसटच येणार.

त्या छोट्या जिवांसाठी वेगळा कॅमेरा. ऑलिंपसचा टीजी-६ (२०१९) आणि त्याच घराण्यातला, आता ओएम सिस्टिम नावानं आलेला टीजी-७ (२०२३). हे नुसते १५ मीटरपर्यंत आणि पेटीत ४५ मीटरपर्यंत चालतात. वस्तूपासून अवघ्या एका सेंटीमीटरवरून फोटो काढतात! शंख नसलेल्या रंगीबेरंगी समुद्री गोगलगाई, कोळंबीचे इवलेसे डोळे, असलं काही टिपायची हौस असेल तर हाच घ्यावा. मात्र कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे पेटीला लागतात, हे दुकानदार शेवटी सांगतो. सीलाइफचा मायक्रो ३.० हा आणखी एक प्रकार. तो कायमचा बंदच असतो. उघडायचं दार नाही, बॅटरी आणि मेमरी आतच, त्यामुळे गळायची भीती नाही, ६० मीटरपर्यंत जातो. विसराळू माणसाला उत्तम. पण आतली बॅटरी थकली की ती घरी बदलता येत नाही.

मोठे, लेन्स बदलायचे कॅमेरे आणि त्यांच्या अॅल्युमिनियमच्या पेट्या यांबद्दल मी लिहीतच नाही. त्यांच्या किमतीत आमच्याकडे छोटी होडी येते.

(जाता जाता एक गंमत. पाण्याखालचे अगदी सुरुवातीचे फोटो लुई बूताँ या फ्रेंच माणसानं १८९३ मध्ये काढले. पुढे १९६३ मध्ये निकोनॉस हा फिल्मचा कॅमेरा आला आणि साध्या डायव्हरलाही फोटो काढता यायला लागले. पण रोल छत्तीस फोटोंचा. तो संपला की संपला, पाण्याखाली बदलायची सोय नाही. आपण एका माशाचेच छत्तीस काढतो!)

मला काय दाखवायचं होतं? जाळी. खडकावर पसरलेली, पाच-पाच मीटर लांबीची जाळी. म्हणजे मोठी वस्तू आणि हलतं चित्र. म्हणून मी अॅक्शन कॅमेरा घेतला, तोही दोन वर्षं वापरलेला. बावीस हजारांना पडला. पेटी तीन हजार, धरायला एका बाजूला मूठ असलेली पट्टी दोन हजार, जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड मिळून तीन. आणि दिवा नऊ हजार. दिव्याला एवढे का, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणेन, कॅमेरा हजारभरानं स्वस्त घ्या, पण दिव्यात काटकसर करू नका.

त्याचं कारण असं. पाणी प्रकाशातले रंग गिळतं, आणि सगळ्यात आधी गिळतं ते लाल. पाच मीटरवरच लाल रंग फिका पडतो, दहाच्या आसपास तो नाहीसाच होतो. माझ्या पोहण्याच्या सूटवर लाल पट्टा आहे, तो खाली काळपट दिसतो. लग्नातला शालू नेसून उतरलात तर खाली गेल्यावर कुणी ओळखणार नाही! त्यानंतर नारिंगी जातो, मग पिवळा. उरतो तो निळा, आणि आमच्याकडच्या पाण्यात हिरवा. डोळ्यांना ते चालून जातं, मेंदू सांभाळून घेतो. कॅमेरा मात्र जे आहे तेच दाखवतो. दिवा जवळून लावला की गेलेले रंग जागेवर परत येतात. पहिल्यांदा मी एका मातकट खडकावर दिवा धरला, तर त्यावरचा स्पंज झेंडूसारखा नारिंगी!

लाल फिल्टर नावाची एक काच मिळते, ती स्वस्त असते. स्वच्छ निळ्या पाण्यात, भरपूर उन्हात, साधारण पाच ते पंधरा मीटरवर तिचा उपयोग होतो. दिवा लावलात की ती काढायची, नाही तर सगळं कुंकवात बुडवल्यासारखं दिसतं. हिरव्या पाण्याला तिचा फारसा उपयोग नाही, त्यासाठी जांभळट-गुलाबी फिल्टर असतो. मी यात पडले नाही.

दिवा घेताना साधी बॅटरी नको. साध्या डायव्हिंग टॉर्चचा झोत अरुंद, मध्ये पांढरा डाग आणि बाजूला अंधार. व्हिडिओसाठी रुंद, सारखा पसरणारा प्रकाश लागतो. हजार-दोन हजार ल्युमेनचा दिवा सुरुवातीला पुरतो. फोटोंसाठी स्ट्रोब नावाचा फ्लॅश असतो, तो अधिक ताकदीचा. पण तो कसा पडतोय ते फोटो निघाल्यावरच कळतं. सतत जळणाऱ्या दिव्यात समोर दिसतंय तेच येतं, म्हणून नवशिक्यांना तो सोपा.

दिवा कुठे धरायचा, हेही महत्त्वाचं. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावला की काय होतं? समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यातही तसंच. मालवणच्या पाण्यात बारीक कण पुष्कळ, अंदमानसारखं वीस-वीस मीटर लांबचं इथे दिसत नाही, कधी कधी चार-पाच मीटरच्या पुढचं काही कळत नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी, सरळ समोर दिवा लावला तर हे सगळे कण चमकतात आणि चित्रात जणू बर्फ पडतो. दिवा लांब, बाजूला धरून तिरपा टाकायचा. त्यासाठीच ती पट्टी आणि मूठ. कॅमेऱ्यातला स्वतःचा फ्लॅश तर बंदच ठेवावा.

आणि जवळ जायचं. अजून जवळ! आपल्यात आणि वस्तूत पाणी जितकं कमी, तितकं चित्र स्वच्छ. पाण्याखाली मास्कमधून वस्तू पाव अंतरानं जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे आपल्याला वाटतं पुरेसं जवळ आलो. (कोळ्यांच्या गोष्टीतला मासा दर वेळी मोठा होतो, आम्हा डायव्हरांचाही होतो, त्याला हे कारण आहे!) हाताच्या अंतरावर आल्यावरच बटण दाबावं. वरून खाली बघत फोटो काढू नये, वस्तूच्या पातळीला येऊन किंचित वर बघत काढावा. मासा पळाला तर त्याच्या मागे धावायचं नाही. शांत थांबलं की गोबरासुद्धा आपल्याला बघायला बिळातून तोंड बाहेर काढतो.

गेल्या जानेवारीत आमच्या गटाच्या बैठकीत मी ही चित्रफीत दाखवली. त्याआधी एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या कॅमेऱ्यावरची, दिव्याशिवायची फीत दाखवली होती. तीत हिरव्या धुक्यात काहीतरी हलतंय एवढंच कळत होतं. बायका दोन मिनिटांत चहाकडे वळल्या होत्या. या वेळी भिंतीवर पांढरी चादर लावली आणि शाळेचा प्रोजेक्टर आणला. प्रवाळावर ताणून बसलेलं तंगूसाचं जाळं, त्यात अडकलेला खेकडा, पाय हलवणारा. कोपऱ्यात एक मेलेला मासा. दिव्यामुळे जाळ्याचा रंग, आस, गाठी सगळं स्पष्ट. खोली एकदम गप्प झाली. मग पुढे बसलेली साठीची काकी उठली आणि चादरीजवळ जाऊन बोट ठेवून म्हणाली, “वयनी, ह्या बांगड्याचा जाळा. गाठ बघ, ही आमच्याकडलीच गाठ.” मग मागून एकजण म्हणाली, “आमच्या घोवान चाळीस वर्सां जाळी टाकल्यान, पन खाली काय होता ता कधी सांगल्यान नाय.” काकी म्हणाली, “तेकां तरी खंय दिसता?”

यानंतर कुणाचा दोष यावर थोडी वादावादीही झाली. ती होणारच. जाळं तुटतं तेव्हा त्या घराचंही हजारोंचं नुकसान झालेलं असतं, मुद्दाम कुणी टाकत नाही. नायलॉन कुजत नाही, म्हणून तुटलेलं जाळं मालकाशिवाय मासे धरत राहतं, एवढं मात्र सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. शेवटी ठरलं, की ज्या घरातलं जाळं खडकात तुटेल, त्या बाईनं जागा आणि दिवस आमच्या वहीत लिहून ठेवायचा. वहीत आजवर अकरा नोंदी झाल्यात. जाळी काढायचं काम प्रशिक्षित डायव्हर करतात. माझ्यासारख्या नवख्या बाईनं त्याला हातही लावायचा नाही, आपणच गुरफटायचो. मी लांबून चित्र घेते, खोली आणि जागा टिपून देते.

आता थोडं सांभाळण्याबद्दल. पेटीच्या दाराला एक रबरी गोल रिंग असते, ओ-रिंग. सगळा जीव तिच्यात. आपल्याला ती काही नवी नाही, कुकरची रिंगच म्हणा ना! कुकरच्या रिंगेला शिताचं कण लागलं की वाफ जाते, इथे कण लागला की पाणी आत येतं. सगळ्यात मोठा शत्रू कोण, माहितीय? केस. आपला लांब केस एक जरी रिंगेवर आडवा राहिला, तरी त्याच्या कडेनं पाणी शिरतं. म्हणून पेटी बंद करताना केस घट्ट बांधायचे, ओले असतील तर टॉवेल गुंडाळायचा. आमची पद्धत आहे, कॅमेरा होडीत उघडायचाच नाही, घरूनच बंद करून न्यायचा. रिंगेला तेल, व्हॅसलिन काही लावायचं नाही, रबर फुगतं. कंपनी सांगेल तेच सिलिकॉन ग्रीस, तेही मुगाच्या दाण्याएवढं. नवी पेटी आली की पहिल्या खेपेला कॅमेरा न घालता, आत नुसता कागदी रुमाल ठेवून पाण्यात न्यावी. वर आल्यावर रुमाल कोरडा असला तर ती पास!

आतून काच धुक्यानं भरते, ही कोकणातली आणखी एक तक्रार. दमट हवा पेटीत बंद झाली आणि खालच्या गार पाण्यानं काच थंड झाली, की आत दव धरतं. जमलं तर एसीच्या खोलीत किंवा पहाटे कोरड्या जागेत पेटी बंद करावी, आत बुटांच्या खोक्यात येते तसली सिलिकाची छोटी पुडी ठेवावी. पुडी जुनी आणि ओली झालेली नको. बाहेर आल्यावर पेटी बंदच ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवायची आणि पाण्यातच बटणं दाबायची, म्हणजे फटीतलं मीठ निघतं. उन्हात वाळवायची नाही.

कॅमेरा पट्ट्याला पक्का अडकवा, मनगटाच्या दोरीवर भिस्त नको. हात मोकळे करायची वेळ कधीही येते. आणि पेटीत हवा असल्यामुळे ती वर ओढते, मूठ-दिवा जोडला की खाली ओढते. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात अंदाज घ्यावा. दर दोन-तीन फोटोंनंतर हवेचा मीटर बघायचा, हे मी पाटीवर लिहून मुठीला बांधलंय.

जुना कॅमेरा घेणार असाल तर बॅटरीचं झाकण आणि चार्जिंगची जागा नीट बघा. हिरवट डाग दिसला म्हणजे खारं पाणी आत जाऊन आलेलं आहे. पेटीवर बारीक ओरखडे असले तर चालतं, रिंगेच्या खाचेत असले तर सोडून द्या. नवी रिंग मिळते का, हे आधी विचारा. विमानानं अंदमानला जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे डायव्हिंग बंद. त्या चार महिन्यांत मी बॅटरी काढून अर्धी चार्ज करून ठेवते. पेटीची रिंग काढून, पुसून, वेगळ्या डब्यात. दाबून ठेवली तर चपटी होते. सगळं मिळून पापडाच्या जुन्या हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसकट, कपाटाच्या वरच्या फळीवर. सासूबाईंनी त्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलंय, ‘पापड नाहीत’.